भाताचं फर्मेंटेशन दुसऱ्या दिवशी थांबतंय? यीस्ट बदलायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं सांगते, तुमची बरणी यातल्या कशात बसते ते बघा.

बुडबुडे बारा-पंधरा तास जोरात आले आणि मग एकदम शांत.
बुडबुडे सुरूच झाले नाहीत, यीस्ट टाकून चोवीस तास झाले.
खाली लापशीसारखा गोळा बसलाय, वर पाणी, हलवलं की परत तसंच.
वास दारूसारखा नाही, आंबट दह्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा येतोय.
वर तेलाचा तवंग, खाली काहीच हालचाल नाही.
ब्रिक्स (घोळात साखर साधारण किती टक्के आहे ते सांगणारं माप) १२ वरून ८ वर आला आणि तिथेच अडकून बसला.
वर हिरवी-काळी बुरशी आली. (हे असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, तो घोळ फेकायचा, कसा फेकायचा ते शेवटी लिहिलंय.)

मी इंदूरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये सहायक आहे, आणि हॉस्टेलच्या मेसमधला उरलेला भात, पोळ्या, बटाटे घेऊन त्यापासून बायोइथेनॉल करायचं हा प्रोजेक्ट आमच्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. विषय चांगला आहे, २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात खराब धान्य, सडके बटाटे असल्या स्टार्चच्या मालापासून इथेनॉल करायला मोकळीक मिळाली, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं, त्यामुळे मुलांना यात रस असतो आणि असायलाच हवा. पण दर वर्षी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी दारात उभं असतं, "ताई, रात्रीपर्यंत बुडबुडे येत होते, आता बंद." आणि दर वर्षी पहिला उपाय तोच केलेला असतो, यीस्टचं अजून एक पाकीट ओतलेलं असतं. बहुतेक वेळा यीस्टचा काही दोष नसतो हो. यीस्टला खायला साखरच मिळालेली नसते. यीस्ट स्टार्च खात नाही, भात त्याच्यासमोर ठेवला म्हणजे त्याला जेवण मिळालं असं नाही, आधी एन्झाइम घालून त्या भाताची साखर व्हावी लागते आणि ती झाली का हे कुणी तपासतच नाही. म्हणून खालचा क्रम, फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करून खर्चिक गोष्टींकडे. क्रम तोडू नका, कारण पुढची तपासणी मागचीवर टेकलेली आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. हे सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये, गाइडच्या सहीनं आणि परवानगीनं करायचं काम आहे. घरी स्वयंपाकघरात करायचं नाही. मध्यप्रदेश आबकारी अधिनियम १९१५ चा आहे आणि तो अजून लागू आहे, पेपरात अमुक गावात इतकं महुआ लाहन पकडलं असं वाचता ना, लाहन म्हणजे तो आंबवलेला घोळच. आणि वडोद्याला, म्हणजे गुजरातमध्ये असाल तर तिथे दारूबंदी आहे, तिथे तर विचारल्याशिवाय बरणीला हातही लावू नका.

खरंच थांबलंय का?

हसू नका, पण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. बुडबुडे दिसत नाहीत म्हणजे फर्मेंटेशन बंद असं नाही. रबराचं बूच नीट बसलं नसेल, नळीच्या भोकापाशी फट असेल तर गॅस तिथून निघून जातो आणि एअरलॉकच्या, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेच्या, पाण्यात काहीच दिसत नाही. बुचाभोवती साबणाचा फेस लावून बघा, फुगे आले तर गळती आहे.

त्याहून पक्की युक्ती म्हणजे वजन. बरणी वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा, सहा तासांनी परत ठेवा. साखरेतून इथेनॉल होताना जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो, ४६ ग्रॅम इथेनॉलमागे ४४ ग्रॅम गॅस. म्हणजे सकाळी बरणी २६४० ग्रॅम होती आणि संध्याकाळी २६१८ आली तर २२ ग्रॅम गॅस गेला, आत साधारण २३ ग्रॅम इथेनॉल तयार झालं. एवढं सोपं आहे. थोडी वाफ जाते तिचा फरक पडतो पण तो किरकोळ. मी मुलांना पहिल्या दिवसापासून बरणीवर चिकटपट्टी लावून त्यावर वेळ आणि वजन लिहायला लावते, कारण मधूनच वजन केलं तर ते कशाशी ताडून बघणार.

आणि ब्रिक्स मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अल्कोहोल आलं की त्याचं रीडिंग खोटं वर राहतं. १२ ब्रिक्सनं सुरू केलेला घोळ पूर्ण आंबला तरी तो शून्य दाखवत नाही, चार-पाचवर येऊन थांबतो. म्हणजे "ताई पाचवर अडकलंय" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं काम झालेलंच असतं. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचनळी, असेल तर तो बरा, फक्त नमुना गाळून घ्या. पण ८ वर अडकलं असेल तर मात्र खरंच अडकलंय.

बरणीचं झाकण घट्ट लावू नका, हे इथेच सांगते. एका ग्रुपनं वास येतो म्हणून काचेच्या बरणीचं फिरकीचं झाकण आवळून ठेवलं होतं आणि शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी कपाट उघडलं तर बरणीचा तळ वेगळा आणि घोळ खालच्या तिन्ही कप्प्यांत. कुणी समोर नव्हतं म्हणून ठीक, तीच काच कुणाच्या डोळ्यात गेली असती.

तापमान

थर्मामीटर घोळात बुडवा, हवेत धरू नका. यीस्टला ३० ते ३२ डिग्री आवडतं. ३८-४० च्या पुढे ते दमतं आणि थांबतं, आणि आपल्या इंदूरला एप्रिल-मेमध्ये दुपारी लॅबमध्ये किती होतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात फर्मेंटेशन स्वतः पण उष्णता सोडतं, मोठ्या बरणीत जास्त. उलट जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ते मरत नाही, झोपतं. थंडीतली बरणी तर नुसती उबेत आणून हलवली तरी परत चालू होते. उन्हाळ्यात मी परातीत पाणी घालून त्यात बरणी ठेवते आणि वरून ओलं फडकं गुंडाळते, माठ जसा गार राहतो तसंच. हिवाळ्यात थर्माकोलचा डबा आणि त्यात गरम पाण्याची बाटली. इन्क्युबेटर मोकळा असेल तर प्रश्नच नाही पण परीक्षेच्या दिवसात तो मोकळा नसतोच.

तापमान ठीक असेल तर आता खरी तपासणी.

आयोडीनचा थेंब

या एका तपासणीसाठी मी हे सगळं लिहायला बसले. लॅबमधलं आयोडीन नसेल तर मेडिकलमधून जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन आणा, पाण्यात पातळ करा, फिकट चहाच्या रंगाचं. पांढरी टाइल किंवा पांढरी बशी घ्या. घोळ ढवळून त्यातला चमचाभर काढा, गार होऊ द्या, पूर्ण गार, मग त्याचा एक थेंब टाइलवर आणि शेजारून आयोडीनचा एक थेंब त्यात मिसळू द्या.

काळा-निळा झाला, शाईसारखा, तर स्टार्च जसाच्या तसा पडलाय. जांभळट-तांबूस झाला तर स्टार्च तुटायला लागलाय पण अर्धवट. आयोडीनचा पिवळा रंग पिवळाच राहिला तर स्टार्च संपला. मी चार थेंब ओळीने घेते, पहिला शिजवलेल्या भाताच्या पेजेचा, दुसरा तुमच्या घोळाच्या वरच्या पाण्याचा, तिसरा तळाच्या गाळाचा, चौथा साध्या पाण्याचा. शेजारी शेजारी ठेवले की डोळ्याला फसवता येत नाही. वरचं पाणी पिवळं आणि तळ काळा, हे चित्र मी इतक्या वेळा बघितलंय की आता मुलं दारात आली की मी टाइलच काढते.

गार का म्हणते, तर गरम नमुन्यात स्टार्च असूनसुद्धा निळा रंग येत नाही, गार झाला की येतो. मी स्वतः एका वर्षी वॉटर बाथमधून काढलेला ऐंशी-नव्वद डिग्रीचा थेंब बघून एका ग्रुपला सांगितलं की स्टार्च संपला, पुढे चला. त्यांनी यीस्ट टाकलं, तीन दिवस वाट बघितली, काहीच नाही. सबमिशन जवळ आलेलं, त्यातली एक मुलगी रडकुंडीला आली होती. तेव्हापासून थेंब हाताच्या पाठीवर टेकवून गार लागल्याशिवाय मी आयोडीन टाकत नाही.

थेंब काळा आला तर

मग यीस्ट बाजूला ठेवा, गडबड त्याच्या आधीची आहे. कारणं मला चारच सापडली आहेत, वर्षानुवर्षं तीच.

पहिलं, गुठळ्या. भात नुसता चमच्यानं कुस्करलेला असतो. एन्झाइम गुठळीच्या बाहेरून काम करतं, आत पोचतच नाही. मिक्सरमधून काढा, कॉटनच्या साडीला घालायची खळ असते तेवढा एकजीव करा, आणि पाणी कंजूषपणानं घालू नका, किलोभर भाताला दीड लिटर तरी.

दुसरं, फ्रिजमधला भात. हे फार कमी जणांना माहीत असतं म्हणून जरा सविस्तर सांगते. भात शिजतो तेव्हा स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात आणि सुटतात, तांदळाचे साधारण ७० डिग्रीच्या आसपास, बटाट्याचे त्याहून जरा आधी. तोच भात फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की सुटलेल्या साखळ्या परत एकमेकींना चिकटून घट्ट होतात, शिळा भात दाण्या-दाण्यानं कडक लागतो ना, तेच. फ्रिजच्या चार-पाच डिग्रीला हे सगळ्यात जोरात होतं. अशा स्टार्चला एन्झाइम नीट चावू शकत नाही. मेसचे काका चांगल्या मनानं तुमच्यासाठी उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवतात, त्यांना काय माहीत. तर फ्रिजमधला भात आला असेल तर आधी पाणी घालून मिक्सर, मग प्रेशर कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या, मग एन्झाइम. नुसतं कोमट करून चालत नाही. आपल्याकडच्या पोह्यांचा यात फायदा आहे, पोहे करतानाच तांदूळ भिजून-भाजून चेपलेला असतो त्यामुळे ते लवकर पातळ होतात, पण पोह्यांची दुसरी अडचण आहे ती खाली लिहिते.

तिसरं, एन्झाइमचा क्रम. दोन एन्झाइम लागतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे. अल्फा-अमायलेज लांब साखळीचे तुकडे करतं, जे उष्णता सोसणारं असतं ते ८५-९० डिग्रीला आणि पीएच ६ च्या आसपास काम करतं. ग्लुकोअमायलेज त्या तुकड्यांच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवतं, ते ५५-६० डिग्री आणि पीएच साडेचारच्या आसपास. दुसरं एन्झाइम पहिल्याच्या गरमीत ओतलं की ते मेलं. एका ग्रुपनं दोन्ही एकदमच ओतली होती, नव्वद डिग्रीला, वेळ वाचवायला म्हणून. घोळ मस्त पातळ झाला, वाटलं जमलं, पण पुढे यीस्ट टाकल्यावर काही नाही. उलटही होतं, लिंबू पिळलेले पोहे, दही-भात असला माल असेल तर पीएच आधीच चारच्या खाली आणि मग अल्फा-अमायलेज कामच करत नाही. पीएच पेपरची पट्टी स्वस्त आहे, प्रत्येक टप्प्याच्या आधी लावा. वाढवायचा असेल तर चिमूट-चिमूट खायचा सोडा, कमी करायचा तर सायट्रिक आम्ल. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते आपल्या भागात जड असतं आणि पीएच वर ओढतं, नर्मदेचं नळाचं पाणी त्यापेक्षा बरं, उकळून घ्या.

चौथं, एन्झाइमच मेलेलं. बाटली फ्रिजबाहेर राहिली, लाइट गेली, कुरिअर उन्हात फिरलं. तपासायचं कसं तर थोडी पातळ पेज करा, पीएच बघा, एन्झाइमचे दोन थेंब टाका, योग्य तापमानाला ठेवा आणि दर पाच मिनिटांनी एक थेंब काढून, गार करून आयोडीन. अर्ध्या तासात काळ्याकडून तांबूस नाही झालं तर बाटली गेली. नवीन मागवा, दुप्पट ओतून काही होत नाही.

थेंब पिवळा आला, तरी बंद

इथे एक सापळा आहे. आयोडीन पिवळं म्हणजे स्टार्च नाही एवढंच, ग्लुकोज आहे असं नाही. नुसतं अल्फा-अमायलेज टाकून थांबलात तर मधले तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, राहतात, त्यातले बारीक तुकडे आयोडीनला दिसत नाहीत आणि बेकरीच्या यीस्टला खाता येत नाहीत. लॅबमधल्या साखर ओळखायच्या बेनेडिक्ट टेस्टमध्ये पण थोडा रंग येतो आणि वाटतं साखर आहे. यासाठी मेडिकलमध्ये लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या मिळतात त्या आणा, त्या फक्त ग्लुकोज ओळखतात. घोळ गाळून दहा-वीस पट पातळ करून पट्टी बुडवा, नाहीतर ती लगेच शेवटच्या रंगावर जाते. पट्टीला ग्लुकोज दिसलं नाही आणि वजनही फारसं घटलेलं नाही, तर ग्लुकोअमायलेज कमी पडलंय. आत्ता पण टाकता येतं, ३२ डिग्रीला ते हळू चालतं पण चालतं, आणि यीस्ट साथीनं खात जातं. वासावरून किंवा पीएचवरून आंबटपणा कळत असेल तर मात्र साखर दुसऱ्याच कुणीतरी खाल्लीय, त्याचं पुढे.

आणि आयोडीन पिवळं, पट्टीला ग्लुकोज नाही, वजन मात्र हिशेबात घटलंय, तर अभिनंदन, तुमचं झालंय. हिशेब असा, किलोभर शिजलेल्या भातात साधारण २८० ग्रॅम स्टार्च, त्याचं ग्लुकोज ३१० ग्रॅम, त्यापासून कागदावर १५८ ग्रॅम इथेनॉल. हे कागदावरचं, प्रत्यक्षात त्याहून कमीच येतं कारण यीस्ट स्वतःची वाढ पण त्याच साखरेवर करतं.

ग्लुकोज आहे आणि यीस्ट बसलंय

आता कुठे यीस्टकडे बघायची वेळ. कोमट पाणी, हाताला सुखद लागेल असं, त्यात चमचाभर साखर आणि यीस्ट. दहा-पंधरा मिनिटांत फेस यायला हवा. नाही आला तर पाकीट जुनं. फेस आला पण बरणीत काम करत नाही, तर बरणीत काहीतरी आहे जे त्याला त्रास देतंय.

आपल्याकडे हे "काहीतरी" बहुतेक मीठ आणि मसाला असतो. वर पोह्यांची अडचण म्हटलं ती ही. इंदुरी पोहे म्हणजे वरून शेव आणि जीरावन आलंच, शेवेत तेल आणि मीठ, जीरावनमध्ये काळं मीठ, लवंग, दालचिनी, हिंग. लवंग-दालचिनी आपण लोणच्या-मसाल्यात टिकण्यासाठी घालतो ते उगाच नाही, सूक्ष्मजीवांना ती सोसत नाहीत, आणि यीस्ट पण सूक्ष्मजीवच. सॉसची पाकिटं, तयार लोणचं यात बेंझोएट हे टिकवण्यासाठीचं रसायन असतं, ते आंबट घोळात यीस्टला जास्तच बाधतं. तर चाळणीत घालून एकदा पाण्यानं धुऊन घ्या, मीठ आणि वरचं तेल बरंचसं जातं, थोडा स्टार्च पण जातो पण चालेल. त्यापेक्षा मेसमध्ये एक वेगळी बादली ठेवा, साधा भात-पोळी-उकडलेले बटाटे एवढ्यासाठी. आपल्या गावात ओला-सुका वेगळा करायची सवय सगळ्यांना आहे, समजावून सांगितलं की काका करतात.

दुसरी गोष्ट पोषण. एकादशीला किंवा नवरात्रात मेसमध्ये साबुदाणा उरतो आणि मुलं खुश होतात की हा तर नुसता स्टार्च. नुसता स्टार्च आहे हीच तर अडचण, त्यात नायट्रोजन जवळजवळ नाहीच, दाण्याचं कूट असेल तेवढंच काय ते. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो, नाही मिळाला तर पहिल्या दिवशी उसळतं आणि दुसऱ्या दिवशी बसतं, वरच्या लक्षणांमधलं पहिलं लक्षण अगदी. लिटरला अर्धा-एक ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) टाका, किंवा तारीख उलटलेलं यीस्टचं पाकीट पाण्यात उकळून ते पाणी घाला, मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टचं उत्तम खाद्य आहे. भातात वरण मिसळलेलं असेल तर सहसा ही अडचण येत नाही.

साखर फार झाली, २५ टक्क्यांच्या वर, तरी यीस्ट दबतं. पाणी घाला.

आंबट वास

हे सगळ्यात चिवट दुखणं. पीएच साडेतीनला आलेला, वास दह्याचा, आणि पट्टीला ग्लुकोज संपलेलं. साखर लॅक्टिक बॅक्टेरियानं खाल्ली, तुम्हाला इथेनॉलऐवजी आम्ल मिळालं. हे नवीन नाही. १८५६ मध्ये फ्रान्समध्ये लिल गावी बिगो नावाच्या कारखानदाराच्या बीटच्या हौदांचं असंच झालं होतं, अल्कोहोलऐवजी आंबट. त्यांनी तिथल्या प्राध्यापकाला बोलावलं, तो लुई पाश्चर. त्यानं चांगल्या आणि बिघडलेल्या हौदांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरले, चांगल्यात यीस्टचे गोल दाणे, बिघडलेल्यात त्याहून कितीतरी बारीक काड्या. तुम्हीही तेच करा, कॉलेजमध्ये मायक्रोस्कोप आहेच. एक थेंब, त्यात मिथिलीन ब्लू, जिवंत यीस्ट बिनरंगी राहतं, मेलेलं निळं होतं, आणि बारीक काड्या किंवा मण्यांच्या माळा दिसल्या तर ते आगंतुक.

घोळ एकदा नव्वद डिग्रीला तापवला की ते मरतात, म्हणजे नंतर कुठून तरी आले. माझा अनुभव, रबरी नळीतून. नळी बाहेरून चकाचक आणि आत मागच्या वर्षीची साय. नळी नवीन घ्या, बूच उकळा, गार करताना बरणी उघडी ठेवू नका. आणि कच्चा माल मेमध्ये सात-आठ तास बादलीत पडला तर आम्ल आधीच तयार झालेलं असतं, ते उकळून जात नाही, म्हणून माल त्याच दिवशीचा हवा. आंबटलेला घोळ सोडा घालून वाचवायला बघू नका, गेलेली साखर परत येत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

नळ्या बदलून, सगळं उकळून सलग तीन वेळा आंबटलं तर मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना नमुना द्या, त्या प्लेटवर वाढवून कोण आहे ते सांगतील. तुम्ही अंदाजानं अँटिबायोटिक टाकू नका, तसलं पाणी पुढे नाल्यात जातं.

इथेनॉल नेमकं किती, याचा आकडा रिपोर्टात हवा असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी जिथे होते तिथे नमुना पाठवा, वासावरून टक्का लिहू नका.

डिस्टिलेशन तुमचं तुम्ही करायचं नाही. कुकरला नळी लावून तर अजिबात नाही, यूट्यूबवर कितीही दिसो. इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते आणि गॅसची शेगडी शेजारीच असते. ते काम गाइडसमोर, काचेच्या सेटवर, इलेक्ट्रिक हीटिंग मेंटलवर, पाणी चालू आहे याची खात्री करून, आणि संस्थेची परवानगी असेल तरच. जे निघेल ते कुणी चाखायचं नाही, थेंबभर पण नाही, कचऱ्याच्या बादलीतून काय काय आलंय याचा पत्ता नसतो.

आणि दोन-तीन लिटरच्या पुढे जायचं असेल, ड्रममध्ये वगैरे, तर तो प्रोजेक्ट राहत नाही, आबकारीचं लायसन्स आणि केमिकल इंजिनिअर दोन्ही लागतात. बंद खोलीत मोठा ड्रम आंबवला तर कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, वाकून बघणारा माणूस तिथेच पडू शकतो.

बिघडलेला घोळ सिंकमध्ये ओतू नका, स्टार्च पाइपमध्ये खळीसारखा बसतो आणि मग प्लंबर. लॅबच्या इनचार्जना दाखवा, उकळून गार करा, गाळा, गाळ ओल्या कचऱ्याच्या डब्यात. बुरशी आलेली असेल तर मास्क लावून, बरणी न हुंगता, झाकून न्या. सकाळी कचरागाडी येते तिच्या ओल्या खणात तो जातो, आणि आपल्याकडचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, दिवसाला ५५० टन घेणारा तो प्लांट २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. तिथल्या बॅक्टेरियाला तुमचा आंबटलेला भात चालतो. बरणी धुताना नळी मात्र फेकून द्या, धुऊन परत वापरू नका.